फॉर्म भरून होतो, हँडओव्हर राहून जातो

तुमचा प्रश्न मी असा समजले: मेडिसिनच्या मोठ्या वॉर्डात रोज सकाळी आणि रात्री हँडओव्हर होतो, म्हणजे पाळी बदलताना एक डॉक्टर आपले पेशंट दुसऱ्याकडे सोपवतो. मध्यंतरी त्यासाठी छापील फॉर्म आला. सगळे तो भरतात, सह्याही करतात. तरी रात्रपाळीच्या डॉक्टरला निम्म्या गोष्टी सिस्टरकडून नाहीतर नातेवाइकांकडून कळतात आणि सकाळच्या राउंडला 'लिहिलं होतं की' आणि 'सांगितलं कुठे' यावरून जुंपते. म्हणून फॉर्म बदलू की ॲप घेऊ, आणि सुधारणा मोजू कशी, असं तुम्ही विचारताय.

माझं मत विचाराल तर सध्या दोन्ही बाजूला ठेवा. तुमच्या वर्णनात एक वाक्य ओझरतं येऊन गेलंय, की रात्रीचा डॉक्टर फॉर्म घेतो, 'ठीक आहे' म्हणतो आणि निघतो. दुखणं तिथे आहे. फॉर्मवर पेशंटची माहिती चढते, पण 'आता हा पेशंट माझा' असं कुणी म्हणतच नाही. देणारा सुटतो, घेणाऱ्याच्या हाती कागद राहतो. पहिला कॉल येईपर्यंत त्या कागदाकडे कुणी बघत नाही. कॉल आल्यावर त्यात निदान सापडतं, औषधं सापडतात, आता करायचं काय ते सापडत नाही.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. रात्रीचा डॉक्टर एकच वॉर्ड बघतो की तीन? आयसीयूत दहा पेशंट असतील तर प्रत्येकाबद्दल सविस्तर बोलता येतं. चाळीस पेशंटच्या वॉर्डात तसा हट्ट धरलात तर लोक दुसऱ्याच दिवशी पळवाट शोधतील. सिनियर त्या वेळी हजर असतो का, हाही मोठा फरक आहे. आणि जाणाऱ्याची ड्यूटी संपते त्याच मिनिटाला येणाऱ्याची सुरू होत असेल, तर हँडओव्हर कुणाच्या तरी घरी जायच्या वेळेतून होतो, म्हणजे घाईतच होतो. हे रोस्टर लावणाऱ्याचं काम आहे, रेसिडेंटच्या (वॉर्डात काम करत शिकणाऱ्या डॉक्टरच्या) शिस्तीचा प्रश्न नव्हे. दोन पाळ्यांमध्ये अर्धा तास तरी दोघंही ड्यूटीवर असल्याशिवाय बाकीचे उपाय टिकलेले मी पाहिलेले नाहीत. विभागप्रमुखांकडे एकच मागणी करता येणार असेल तर ही करा.

आता मूळ मुद्दा. देणाऱ्याला मनापासून वाटत असतं की आपण सगळं सांगितलं. तो खोटं बोलत नसतो. शिकागो विद्यापीठात बालरोग विभागातल्या इंटर्नवर झालेला एक अभ्यास 2010मध्ये प्रसिद्ध झाला. हँडओव्हरनंतर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वेगवेगळं विचारलं, की या पेशंटबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती? 60 टक्के वेळा ती गोष्ट पलीकडे पोचलीच नव्हती, आणि देणाऱ्यांना मात्र पोचल्याची खात्री होती. मला त्यातला दुसरा भाग जास्त कामाचा वाटला: 'हे काम कर' आणि 'असं झालं तर असं कर' या रूपात सांगितलेलं बऱ्यापैकी पोचलं, नुसती माहिती म्हणून सांगितलेलं गळालं.

आपला फॉर्म मात्र जवळजवळ सगळा माहितीचा असतो. वय, निदान, बीपी, शुगर, चालू औषधं. हे केसपेपरमध्येही आहेच.

एक उदाहरण घेऊ. सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट दम्यासारख्या आजाराचा) पेशंट आहे, दिवसभर दोन लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, 90. फॉर्मवर लिहिलंय: 'सीओपीडी, ऑक्सिजन चालू, सॅच्युरेशन 90, स्टेबल.' यात चुकीचं काहीच नाही. रात्री दोन वाजता सिस्टर रात्रीच्या डॉक्टरला सांगते, 'सॅच्युरेशन 89 येतंय.' तो बाजूच्या वॉर्डात अडकलेला, म्हणतो, 'ऑक्सिजन वाढवा.' सहा लिटरवर सॅच्युरेशन 97 होतं, सगळ्यांना हायसं वाटतं. पहाटे पेशंट गुंगीत, हाक मारली तर डोळे किलकिले करतो, एबीजीत, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीत, कार्बन डायऑक्साइड चढलेला. अशा पेशंटला ऑक्सिजन जास्त झाला तर हे होऊ शकतं, म्हणून 88 ते 92 हेच लक्ष्य असतं आणि दिवसाच्या डॉक्टरने ऑक्सिजन जाणूनबुजून तिथे धरून ठेवला होता. त्याच्या डोक्यात ते इतकं उघड होतं की सांगायचं सुचलंच नाही. एवढं वाक्य पुरलं असतं: 'याचं सॅच्युरेशन 88 ते 92मध्येच ठेव. त्याखाली गेलं तर ऑक्सिजन थोडाच वाढव आणि एबीजी कर. झोपाळू वाटला तर नंबर चांगला असला तरी बघायला ये.'

हे वाक्य बोलायला दहा सेकंदं लागतात. त्यात आकडा आहे, आकडा ओलांडला तर काय करायचं ते आहे, आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे: कशाने फसू नकोस ते. दिवसभर पेशंट पाहिलेल्या माणसाकडेच ही शेवटची गोष्ट असते. केसपेपर कितीही चाळला तरी ती मिळत नाही.

तयार पद्धती बऱ्याच आहेत, त्यांपैकी 'आय-पास'वर मी शिकवते. तिचे पाच भाग: पेशंट किती गंभीर आहे, त्याची थोडक्यात हकीकत, करायच्या कामांची यादी, काय घडू शकतं आणि घडलं तर काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्याने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगणं. 2014मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तिच्यावरचा अभ्यास आला. नऊ रुग्णालयांतले बालरोग विभाग, 10,740 भरती. वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्याजोगी इजा 30 टक्क्यांनी. वेळेची तक्रार करणाऱ्यांना मी त्यातलाच आणखी एक आकडा सांगते: एका पेशंटच्या हँडओव्हरला आधीही साधारण अडीच मिनिटं लागत होती, नंतरही तेवढीच.

पण हे आकडे दाखवून कुणी पाच रकान्यांचा नवा फॉर्म छापून आणला, की मी सावध होते. त्या रुग्णालयांनी नुसता फॉर्म आणला नव्हता. रेसिडेंटना प्रशिक्षण दिलं, खोटे पेशंट घेऊन सराव करवला, सिनियरांनी शेजारी उभं राहून हँडओव्हर ऐकले आणि काय राहिलं ते सांगितलं. आपल्याकडे यातला फॉर्म तेवढा उचलला जातो, कारण तो छापता येतो.

एसबार नावाची पद्धत तुमच्या फॉर्मवर दिसते आहे. ती अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून आली आणि कैसर पर्मनंटे या अमेरिकी आरोग्यसंस्थेने ती रुग्णालयात रुजवली. एका पेशंटबद्दल फोनवर मदत मागायला ती उत्तम आहे: काय झालंय, पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. चाळीस पेशंटचा वॉर्ड सोपवायला मात्र ती अपुरी पडते, कारण पुढे काय घडू शकेल याला तिच्यात वेगळी जागा नाही. सिस्टरने डॉक्टरला आणि रेसिडेंटने कन्सल्टंटला कॉल करण्यासाठी ती ठेवा.

आता आय-पासमधला कोणता भाग किती ताणायचा, यावर माझा अनुभव.

गंभीरतेपासून सुरुवात करा आणि 'स्टेबल' या शब्दाला आळा घाला. निम्म्या वॉर्डापुढे 'स्टेबल' लिहिलेलं असतं, मग त्याला काही किंमत राहत नाही. आय-पासमध्ये स्टेबल आणि अनस्टेबल यांच्यामध्ये 'वॉचर' असा एक वर्ग आहे. आकडे अजून बरे आहेत, पण पाहिल्यावर मन ग्वाही देत नाही, असा पेशंट. हा वर्ग सोन्यासारखा आहे. अनस्टेबल पेशंटकडे सगळ्यांचं लक्ष असतंच. रात्री दगा देतो तो बहुधा वॉचर. 'नक्की सांगता येत नाही, पण हा मला बरा वाटत नाहीये' हे बोलायची ज्युनियरला लाज वाटता कामा नये. उलट सिनियरनेच विचारावं, 'आज तुला कुणाची काळजी वाटतेय?'

बेडच्या क्रमाने हँडओव्हर देणं आजपासून बंद करा. आयसीयूतल्या वरिष्ठ डॉक्टरांच्या हँडओव्हरवर 2012मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात सुरुवातीच्या पेशंटना जास्त वेळ मिळतो आणि शेवटच्यांना कमी, मग ते किती का आजारी असेनात, असं दिसलं. एक नंबरच्या बेडवर डिस्चार्जची वाट बघणारा पेशंट, त्याच्या जावयाची तक्रारसुद्धा चवीने सांगितली जाते. अडतीस नंबरला सेप्सिस (जंतुसंसर्गाने जिवावर बेतलेलं), तोवर सगळे घड्याळाकडे बघतायत. अनस्टेबल आधी, मग वॉचर, मग ज्यांचं काही काम उरलंय ते. उरलेल्यांना एक ओळ पुरे. मोठ्या वॉर्डात वेळ वाचतो तो इथे.

कामांची यादी हा सर्वांत जास्त भरला जाणारा आणि सर्वांत वाईट भरला जाणारा रकाना आहे. 'पोटॅशियम बघणे.' कधी येणार? कुठे दिसणार? किती आलं तर काय? किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम दुपारी 6.1 होतं, औषध बंद केलं, उपचार दिले, परत रक्त पाठवलं. हे असं सोपवायला हवं: 'दहाच्या सुमारास रिपोर्ट येईल. साडेदहापर्यंत आला नाही तर लॅबला फोन कर, नमुना फुटला (त्यातल्या रक्तपेशी फुटल्या) असेल तर परत पाठव. पोटॅशियम 6.5च्या वर असेल किंवा ईसीजीत बदल असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट आणि इन्सुलिन-डेक्स्ट्रोज दे, आणि नेफ्रोच्या (किडनी विभागाच्या) ऑन-कॉलला फोन कर, त्यांना कल्पना आहे. 5.5च्या खाली आलं तर सकाळी परत बघू.' नमुना फुटण्याची शक्यता कुणी सांगत नाही, आणि रात्री दहाला होतं तेच.

इथे एक कटू गोष्टही. जे काम तुमच्या वेळेत होण्यासारखं होतं ते रात्रीच्या माणसाच्या गळ्यात मारू नका. संध्याकाळी सहाला लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासणं) 'राहिलं' म्हणून यादीत टाकलं, तर ते बहुतेकदा सकाळीच होतं. रात्रीच्या डॉक्टरलाही 'हे मी रात्री एकट्याने करणार नाही, आत्ता दोघं मिळून करू' असं म्हणता आलं पाहिजे, आणि तो प्रथम वर्षाचा असला तरी म्हणता आलं पाहिजे.

निदान सांगताना त्याबद्दल किती खात्री आहे तेही सांगा. 'न्यूमोनिया' असं एकदा लिहिलं गेलं की पुढच्या तीन हँडओव्हरमध्ये ते दगडावरची रेघ होतं. 'न्यूमोनिया धरून चाललोय, पण एक्स-रेच्या मानाने धाप जास्त आहे, पल्मनरी एम्बोलिझम (फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी) अजून डोक्यातून गेलेलं नाही' असं ऐकलेला डॉक्टर रात्री वेगळा विचार करतो. हँडओव्हर म्हणजे फक्त गळती, असं मानायचं कारण नाही. नव्याने ऐकणाऱ्याला कधीकधी असा प्रश्न पडतो जो दिवसभर त्याच पेशंटमध्ये बुडालेल्याला पडलेला नसतो. त्या प्रश्नासाठी वेळ ठेवावा लागतो.

आणि परत सांगणं. याला सगळे नाक मुरडतात. शाळेत धडा म्हणून दाखवल्यासारखं वाटतं, विशेषतः घेणारा वरच्या वर्षाचा असेल तर. मी सगळ्या पेशंटचा आग्रह धरत नाही, अनस्टेबल आणि वॉचर तेवढे. तेही पोपटपंची नको. घेणाऱ्याने सांगायचं, 'म्हणजे रात्री मला याचं युरिन आउटपुट बघायचंय, कमी झालं तर आधी कॅथेटर ब्लॉक नाही ना ते बघायचं, मग फ्लुइड, पण हार्ट कमजोर आहे म्हणून एका वेळी थोडंच. बरोबर?' यात देणाऱ्याला लगेच कळतं की काय पोचलं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'मला बघायचंय' हे शब्द घेणाऱ्याच्या तोंडून निघतात. ज्या गटांमध्ये हे रुळलं तिथे सकाळची 'सांगितलं कुठे' वाली भांडणं कमी झालेली मी पाहिली आहेत.

उपचारांच्या मर्यादांबद्दलही एक प्रश्न प्रत्येक गंभीर पेशंटबाबत विचारा: व्हेंटिलेटर, सीपीआर, आयसीयूबद्दल नातेवाइकांशी काय बोलणं झालंय? ठरलं असेल तर कुणी, कुणाशी बोलून ठरवलं आणि ते केसपेपरवर कुठे आहे. रात्री तीनला कोड, म्हणजे हृदय बंद पडल्यावरची धावपळ, सुरू असताना हे शोधत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

लिखित कागद हवाच, त्याबद्दल गैरसमज नको. 2007मध्ये इंग्लंडमधल्या शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. काल्पनिक पेशंटची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे अशी पाच वेळा सोपवली. नुसत्या तोंडी पद्धतीत शेवटी 2.5 टक्के माहिती उरली, ऐकताना टिपणं घेतली तेव्हा 85.5 टक्के, आणि छापील कागद सोबत दिला तेव्हा 99 टक्के. म्हणजे कागद माहिती टिकवतो. त्या माहितीचं काय करायचं हे बोलण्यातून ठरतं. दोन्ही लागतात, आणि तुमच्याकडे बोलण्याची बाजू लंगडी आहे. कागदाचा स्वतःचा रोग म्हणजे कालची ओळ आजही तशीच राहणं. तीन दिवसांपूर्वी काढलेला कॅथेटर फॉर्मवर अजून 'चालू' असतो. संगणकावर कॉपी-पेस्टने हा रोग बळावतो, म्हणून ॲपची घाई करू नका म्हटलं. ॲप हवंच असेल तर औषधं आणि रिपोर्ट आपोआप ओढणारं घ्या, म्हणजे माणसाला फक्त 'काय होऊ शकतं' तेवढं लिहायचं राहील.

तुम्ही व्हॉट्सॲप ग्रुपचा उल्लेख केलाय. पेशंटची नावं, रिपोर्टचे फोटो तिथे टाकणं थांबवा. गोपनीयतेचा प्रश्न आहेच. शिवाय शंभर मेसेजखाली गेलेला रिपोर्ट 'कळवला होता' म्हणून मोजला जातो, तो कुणी पाहिलाय का हे कुणालाच ठाऊक नसतं.

जागा आणि व्यत्यय यांवर फार लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. ठरलेली वेळ, ठरलेली खोली, बसायला खुर्च्या. तेवढा वेळ इमर्जन्सी कॉल तिसऱ्या एकाने घ्यायचे. चार्जमधल्या सिस्टर असतील तर उत्तम, डॉक्टरला न दिसलेली गोष्ट त्यांनी पाहिलेली असते. वॉचर पेशंटना जमलं तर दोघांनी बेडपाशी जाऊन बघावं. 'धाप आहे' म्हणजे किती, हे पाहिलेल्या माणसाला रात्री फोनवरही समजतं.

ऑपरेशन थिएटरमधून आयसीयूत येणाऱ्या पेशंटचा हँडओव्हर वेगळा विषय आहे. तिथे नळ्या-वायरी जोडणं आणि बोलणं एकाच वेळी चालतं, म्हणून गोंधळ होतो. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाने फॉर्म्युला वन शर्यतीतल्या पिट-स्टॉपच्या चमूंकडे पाहून आपली पद्धत बदलली, ते काम 2007मध्ये प्रसिद्ध झालं. गाभा सोपा आहे: आधी यंत्रं जोडून होऊ द्या, मग सगळे थांबा, मग एकाने बोला. तुमच्या वॉर्डाला त्याची गरज नाही, पण तुमचे आयसीयूवाले मित्र विचारतील म्हणून सांगितलं.

सुरुवात कशी करायची? सगळ्या रुग्णालयात परिपत्रक काढून नको. एक युनिट घ्या. पहिल्या पंधरवड्यात तीनच बदल: गंभीर पेशंट आधी, प्रत्येक वॉचरसाठी एक 'असं झालं तर', आणि त्यांच्यापुरतं परत सांगणं. सिनियर रेसिडेंटने आठवड्यातून एखादा हँडओव्हर मध्ये न बोलता ऐकावा आणि नंतर पाच मिनिटं बोलावं.

मोजायचं काय, हेही तुम्ही विचारलंय. किती फॉर्म पूर्ण भरले ते मोजू नका, ते आजही शंभर टक्के भरतील. रोज सकाळी रात्रीच्या डॉक्टरला एकच प्रश्न विचारा: 'काल रात्री तुला काय माहीत असायला हवं होतं, जे सांगितलं गेलं नव्हतं?' उत्तर वहीत एका ओळीत, देणाऱ्याचं नाव न लिहिता. नाव लिहायला लागलात की आठवड्याभरात सगळ्यांची उत्तरं 'काही नाही' अशी येतील. महिन्याने वही उघडा, त्याच त्या चार-पाच गोष्टी परत परत दिसतील. कुठे पेंडिंग रिपोर्ट असतील, कुठे ऑक्सिजनचं लक्ष्य, कुठे नातेवाइकांशी झालेलं बोलणं. तुमच्या नव्या फॉर्ममध्ये कोणते रकाने हवेत ते त्या वहीवरून ठरवा, आणि ती वही ठेवायची जबाबदारी पहिल्या महिन्यात तुम्ही स्वतःकडेच घ्या.